मानसिक उपचारांचा विमा : जो दाखल होत नाही त्याने काय करायचं?

खानापूरकर : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सरळ लिहिलंय, शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजारालाही. हे लागू करायला विमा नियामकाने कंपन्यांना ऑक्टोबर २०२२ अखेरची मुदतही दिली होती. तरी माझ्या भावाच्या नैराश्याच्या उपचाराला पॉलिसीतून एक रुपया मिळत नाही. का, तर २४ तास दाखल व्हायला पाहिजे! त्याला डॉक्टर तपासतात, गोळ्या लिहून देतात, महिन्याने परत बोलावतात. दर खेपेला धारवाड गाठायचं म्हणजे त्याचा पगार बुडतो, सोबत जाणाऱ्याचाही. ओपीडी, गोळ्या, समुपदेशन पॉलिसीत आलंच पाहिजे.

विमावाला, निपाणी : त्रास कळतो, पण मागणी पटत नाही. शुगर-बीपीच्या गोळ्या तरी साध्या पॉलिसीत कुठे मिळतात? म्हणजे कायद्यातली बरोबरी पाळलीच जाते. दरमहाचा ठरलेला खर्च विम्यात घातला की तो हप्त्यावरच चढणार, आणि हप्ता झेपेना म्हणून पॉलिसी सोडणारे मी रोज बघतो. एक मात्र हात जोडून सांगतो, फॉर्म भरताना आजार लपवू नका. लोक काय म्हणतील म्हणून घरचे लपवतात आणि नेमका क्लेम फेटाळला जातो. सांगितलात तर त्या आजाराच्या क्लेमसाठी फार तर तीन वर्षं थांबावं लागेल.

खानापूरकर : शुगरच्या माणसाला रक्त तपासून गोळी देता येते. इथे अर्धा उपचार बोलण्यातच असतो, तोही ओपीडीत. पैशापायी गोळ्या मध्येच सुटल्या की आजार उलटतो, मग दाखल करावं लागतं आणि तेव्हा कंपनी मोठं बिल भरते. यात कुणाचा फायदा झाला, सांगा की.

उद्यमबाग : होय की. आमच्या फाउंड्रीत २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा आहे. त्यात ओपीडी आणि औषधं दोन्ही येतात. सायकोसिससारख्या (भास-भ्रम होणाऱ्या) गंभीर मानसिक आजारात नियमात बसणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के भत्ताही मिळतो. म्हणजे ओपीडी विम्यात बसत नाही, हे खरं नाही. पण आजाराचं सर्टिफिकेट सुपरवायझरच्या हातात जाणार, या भीतीनं पोरं मागतच नाहीत.

विमावाला, निपाणी : ईएसआयमध्ये कामगार पगाराच्या ०.७५ टक्के भरतो आणि मालक ३.२५ टक्के. घरच्या पॉलिसीत तो मालकाचा वाटा कोण भरणार?

खानापूरकर : सरकारनं भरावा. कायदा केला तो त्यांनीच.