'पॉटएवढा रेझ': मराठीत काय, आणि आकड्यात किती?

लेखणी: पोकरच्या पुस्तिकेचं मराठी करतेय. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) १०० चिप्स, समोरच्याचा बेट (लावलेली रक्कम) ५०, त्यावर 'पॉटएवढा रेझ' (बेट वाढवणं). मी 'पैज १५०ने वाढवली' लिहिलं. तपासणाऱ्यांनी शब्द आणि आकडा दोन्ही खोडले. का?

किलवरदश्शी: आकडा चुकलाय. आधी ५० जुळवायचे, पॉट झाला २००, मग तेवढीच वाढ. म्हणजे एकूण २५० पुढे सारायचे. (झटपट हिशोब: समोरच्या बेटच्या तिप्पट अधिक त्याआधीचा पॉट.) शिवाय '१५०ने वाढवली' म्हणजे एकूण २००, '१५०वर नेली' म्हणजे १५०. हे 'ने' आणि 'वर' आधी सांभाळा.

शुद्धमती: पैज निकालावर लागते. इथे 'पण' हवा. 'पणाला लावणे' सगळ्यांना कळतं.

चौकटराजा: 'पण त्याने अर्धाच पण लावला.' मोठ्याने वाचून बघा! तीन पत्तीतली 'चाल' घ्या की.

किलवरदश्शी: चाल नको. तिथे पानं पाहिलेल्याने न पाहिलेल्याच्या किमान दुप्पट, फार तर चौपट भरायचं, रक्कम बांधलेली. नो-लिमिट पोकरमध्ये (रकमेला वरची मर्यादा नसते) आकारच तर ठरवायचा असतो. बेटच राहू द्या.

शुद्धमती: मग खेळण्यालाही 'प्ले करणे' म्हणा.

चौकटराजा: म्हणतातच. बरं, अर्धा पॉट हा नेमका आकार का सांगतात?

किलवरदश्शी: सरसकट नाही. टर्नवर (टेबलावर चौथं पान उघडल्यावर) समोरच्याकडे हातातले आणि टेबलावरचे मिळून चार बदाम आहेत, पाचवा आला की तो जिंकतो असं धरा. त्याला न दिसलेल्या ४६ पानांत ९ बदाम, म्हणजे जिंकण्याची शक्यता जेमतेम २०%. तुम्ही एक तृतीयांश पॉट लावला तर तेवढे भरून खेळायला त्याला २०%च लागतात, म्हणजे भाव जवळपास बरोबरीचा. अर्ध्याला २५% लागतात, तिथे तो तोट्यात. मात्र बदाम लागल्यावर तुम्ही रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानावर) मोठी रक्कम भरणार असाल, तर ही तूट तो तिथे वसूल करतो. सगळे हा भाग विसरतात.

चौकटराजा: आणि ब्लफला (हात कमजोर असताना समोरच्याला पानं टाकायला लावणाऱ्या बेटला)?

किलवरदश्शी: अर्धा पॉट तीनात एकदा चालला तरी फिटतं, पूर्ण पॉट दोनात एकदा चालावा लागतो. दोन फेऱ्यांत स्टॅक (स्वतःकडच्या सगळ्या चिप्स) लावून संपवायचा तर, समोरचा तेवढेच भरत गेला असं धरून, पॉट १००, स्टॅक ४०० असताना दोन्ही वेळा पूर्ण पॉट: १००, मग ३००.

लेखणी: आकडा दुरुस्त केला. शब्दाचं काय?

शुद्धमती: पण.

चौकटराजा: पण काय?