मदत हवी आहे: टी पेशी क्षयाचा जिवाणू ओळखतात, तर त्याला संपवत का नाहीत?

नमस्कार. माझ्या आईला (वय ६१) संधिवातासाठी टीएनएफ (शरीरातला दाह वाढवणारा एक रेणू) रोखणारे इंजेक्शन सुरू करायचे आहे. त्याआधी केलेल्या मांटू चाचणीत (क्षयजिवाणूची प्रथिने हाताच्या त्वचेत टोचून करतात ती) तिसऱ्या दिवशी हातावर १४ मिलिमीटर रुंदीची टणक सूज आढळली. एक्स-रे स्वच्छ आहे आणि खोकला, ताप यांपैकी काहीही नाही. हा सुप्त क्षयसंसर्ग असल्याचे सांगून डॉक्टरांनी आधी त्यावरची प्रतिबंधक औषधे आणि मगच इंजेक्शन असे ठरवले आहे. उपचारांविषयी मला शंका नाही, त्यामुळे काढे आणि पर्यायी औषधे कृपया सुचवू नयेत.

माझे घोडे अडले आहे ते समजुतीत. बी पेशी प्रतिद्रव्ये तयार करतात आणि टी पेशी विषाणूबाधित पेशी मारतात, एवढेच शाळेतले आठवते. जिवाणूंशी टी पेशींचा फारसा संबंध नसावा, असा माझा समज होता. आता वाचनात आले की मांटूची सूज हीच मुळी टी पेशींच्या स्मृतीची खूण आहे. मग ओळख पटूनही जिवाणू वर्षानुवर्षे जिवंत कसा राहतो, आणि सांध्यांच्या औषधाने तो का उफाळावा? आईला लहानपणी बीसीजी टोचली होती, त्याचा हा परिणाम असू शकेल का?

प्रतिसाद:

क्षयाच्या जिवाणूला टी पेशी सहसा स्वतः मारत नाही, ती दुसऱ्या पेशीकडून ते काम करवून घेते. फुफ्फुसातील भक्षक पेशी या जिवाणूला गिळते, पण ज्या पिशवीत तो अडकतो ती पाचक विकरांनी भरलेल्या लयकारिकेशी जोडली जाऊ नये अशी तजवीज तो करतो आणि पोलीस चौकीतच बिऱ्हाड थाटतो. प्रतिद्रव्ये पेशीच्या आत पोहोचत नाहीत, म्हणून येथे त्यांचा उपयोग मर्यादित. भक्षक पेशी जिवाणूच्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते, ते तुकडे सीडी४ प्रकारची टी पेशी ओळखते आणि इंटरफेरॉन गॅमा स्रवते; त्या संदेशाने भक्षक पेशीचे बळ वाढते, अडलेली जोडणी होऊ लागते आणि पिशवीतील आम्लता वाढते. हा संदेश किती मोलाचा आहे, हे ज्या मुलांमध्ये त्याचा ग्राही (तो संदेश टिपणारा पेशीवरचा रेणू) जन्मतः सदोष असतो त्यांच्यात दिसते: त्यांच्या शरीरात बीसीजी लशीतील दुबळा जिवाणूसुद्धा सर्वत्र पसरू शकतो.

मात्र टी पेशी उशिरा पोहोचतात. हा जिवाणू दुप्पट व्हायला सुमारे २० तास घेतो, टी पेशी जिथे सज्ज होतात त्या लसिका गाठींपर्यंत वर्दी सावकाश जाते आणि मांटू सकारात्मक होण्यास संसर्गानंतर साधारण २ ते ८ आठवडे लागतात. तोवर जिवाणूंचा जम बसलेला असतो. मग भक्षक पेशी आणि टी पेशी त्यांच्याभोवती कडे करून ग्रॅन्युलोमा नावाची गाठ बनवतात, जिच्यात काही जिवाणू मरतात आणि काही निपचित पडून राहतात. हे कडे टिकवून धरणारा एक प्रमुख रेणू म्हणजे टीएनएफ, आणि तुमच्या आईचे औषध नेमका तोच रोखते.

बीसीजी तान्हेपणी दिली असेल तर १० वर्षांनंतर मांटूवर तिचा प्रभाव फारसा उरत नाही, त्यामुळे ६१व्या वर्षीच्या सुजेचे खापर तिच्यावर फोडता येणार नाही. शंका उरलीच तर इग्रा ही रक्तचाचणी आहे; तिच्यात वापरली जाणारी प्रथिने बीसीजीच्या जिवाणूत नसतात. (मांटू चाचणीत टोचले जाणारे प्रथिनांचे मिश्रण, म्हणजे ट्युबरक्युलिन, रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये क्षयावरचे औषध म्हणून पुढे आणले होते. औषध म्हणून ते फसले.)

मूळ प्रश्नकर्ता:

मनःपूर्वक आभार. एकच उपप्रश्न: सूज जितकी मोठी तितके टी पेशींचे संरक्षण अधिक, असे मानावे का?

प्रतिसाद:

नाही. सूज एवढेच सांगते की टोचलेल्या प्रथिनांशी टी पेशींची पूर्वी गाठ पडली आहे; त्या पेशी जिवाणूला किती काळ रोखून धरतील, हे तिच्या रुंदीवरून कळत नाही. म्हणूनच हे इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये ५ मिलिमीटरची सूजही सकारात्मक धरतात. उलट एचआयव्हीमुळे सीडी४ पेशी फार घटल्या असतील, तर संसर्ग असूनही हातावर काहीच उमटत नाही, असे होऊ शकते.