शाळेत जीवघेण्या रोगावर केलेला प्रकल्प: तुमचे अनुभव

नववीत आमच्या गटाला ‘मुंबईतील प्लेग’ हा विषय आला. बुटांच्या खोक्यांची दुमजली चाळ, काडेपेट्यांचे जिने आणि शाडूचे सव्वीस उंदीर, शेपट्या सुतळीच्या. पुठ्ठ्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात: सप्टेंबर १८९६, मांडवी, डॉ. व्हिएगस यांनी रोग ओळखला. १० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. बाईंना उंदीर फार आवडले. वीसपैकी एकोणीस.

परवा माळा आवरताना त्याचा फोटो मिळाला. चाळीत एकही माणूस नाही. सव्वीस उंदीर आणि माणूस शून्य! मी शेपट्या चिकटवत असायचो तेव्हा आजी शेजारीच शेंगा सोलत बसलेली असायची. तिच्या सासूचं माहेर प्लेगात बसलं होतं. तिला दोन शब्द विचारावेत हे डोक्यातच आलं नाही.

तुम्हीही असलं काही केलं असेल तर लिहा. मार्कांसकट.

लालबाग:
२४ मार्च, क्षयरोग दिन. (कॉखनं १८८२ मध्ये याच तारखेला क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं.) शाळेचं पथनाट्य, आणि जंतू मी. काळा झगा काकीनं मशीनवर शिवला. काकीलाच तेव्हा टीबी होता, पण शाळेत बोलायचं नाही अशी सक्त ताकीद. सहा महिन्यांचा कोर्स, पहिले दोन महिने चार औषधं. त्यातल्या एकानं लघवी नारिंगी होते, तेवढ्यावरून घरात केवढी घबराट! तिची कपबशी मोरीच्या कट्ट्यावर, वेगळी.

मरता मरता मला म्हणायचं होतं, ‘मी खोकल्यातून हवेवाटे पसरतो, कपबशीतून नाही!’ झग्याला टीप घालताना काकी ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावायची. “मोठ्यानं म्हण, आत ऐकू गेलं पाहिजे.” आत आजी असायची. मला वाटायचं, पाठांतर घेतेय. कपबशी दिवाळीपर्यंत वेगळीच राहिली. नाटकाला दुसरा नंबर.

बोरिवली:
आमचा एड्स. लाल रिबिनी कापून कापून बोटांना फोड आले. ‘रोग कसा होतो’ या रकान्यात सरांनी फक्त ‘दूषित सुई’ लिहू दिलं. बाकीचं कॉलेजात गेल्यावर कळलं. पंचवीसपैकी बावीस.

कुर्ला:
मी दुसऱ्या बाजूची, शिक्षिका. २०२१ मध्ये सहावीला ऑनलाइन प्रकल्प दिला होता: ‘कोरोना: चित्र व माहिती’. बहुतेकांनी काटेरी हिरवा चेंडू पाठवला, जगाला मास्क लावलेला. एका मुलीनं त्यांची सील केलेली चाळ काढली होती. खाली बांबूचा अडसर, दुसऱ्या मजल्यावरून दोरीनं सोडलेली टोपली, टोपलीत दुधाच्या दोन पिशव्या आणि औषधाची पट्टी. दोरीला मध्येच गाठ मारलेली, कारण दोरी पुरली नसावी. विषाणू कुठेच नव्हता, म्हणून मी दोन मार्क कापले. शेऱ्यात तसं लिहिलंही. ती गाठ मला नंतर दिसली.

परळ:
पहिल्या अनुभवाबद्दल. प्लेगात खोल्यांत ऊन-वारा यावा म्हणून छपरावरची कौलं काढायला लावत. राहण्यालायक नाहीत अशा घरांवर ‘यू.एच.एच.’ अशी अक्षरं रंगवत. तुमच्या चाळीचं छप्पर उचलता यायचं का? तेवढं जमलं असतं तर विसावा मार्कही मिळाला असता.

पुन्हा मी:
छान, हे आज कळतंय! छप्पर फेव्हिकॉलनं घट्ट चिकटवलं होतं. वर चांदीचा कागदही लावला होता.