मदत हवी आहे: युरोपने वाइन-द्राक्षांच्या लागवडीवरची बंदी उठवायचं ठरवून पुन्हा परवाने का आणले?

मंडळी,

आमच्या शेतीधोरण अभ्यासगटाच्या पुढच्या बैठकीत मला युरोपीय संघाच्या वाइन धोरणातल्या सुधारणांवर टिपण मांडायचं आहे. वाचन बरंच झालंय, घटनाक्रमही लागलाय. पण एका जागी अडले आहे आणि तिथे शेती-अर्थशास्त्र जाणणाऱ्यांची, त्याहून जास्त प्रत्यक्ष द्राक्षबाग केलेल्यांची मदत हवी आहे.

मला समजलेली गोष्ट आधी थोडक्यात मांडते.

१९७० मध्ये युरोपीय समुदायाच्या (आताच्या युरोपीय संघाच्या) तेव्हाच्या सहा देशांनी वाइनची सामाईक बाजारव्यवस्था सुरू केली. आपसातला व्यापार खुला झाला. किती बाग लावायची यावर समुदायाच्या पातळीवर बंधन नव्हतं, आणि भाव पडलेच तर जादा वाइन सरकारी पैशाने डिस्टिलरीत पाठवून तिचं अल्कोहोल करायची सोय होती. त्याच काळात फ्रान्स आणि इटलीत रोजची साधी वाइन पिणं कमी होत चाललं होतं. पिणारे घटताहेत, बागा वाढताहेत, आणि उरलेल्या मालाला सरकार गिऱ्हाईक. सहा वर्षांतच, १९७६ मध्ये, नव्या लागवडीवर बंदी आली. ती तात्पुरती होती, पण मुदत वाढत वाढत चार दशकं टिकली. नवी बाग लावायची तर स्वतःची तेवढीच जुनी मोडायची, किंवा दुसऱ्याकडून लागवडीचा हक्क मिळवायचा. बऱ्याच भागांत हे हक्क पैसे मोजून हातोहात फिरत होते.

२००६ मध्ये युरोपीय आयोगाच्या शेती आयुक्त मारियान फिशर बोल यांनी सगळंच उलटं फिरवायचा प्रस्ताव आणला. नको असलेली वाइन संपवण्यावर वर्षाला सुमारे ५० कोटी युरो जातात, तेच पैसे चांगली वाइन करण्यावर आणि ती विकण्यावर लावा, असा आयोगाचा मुद्दा होता. ज्यांना परवडत नाही त्यांनी अनुदान घेऊन बागा मोडाव्यात आणि उरलेल्यांना पुढे मोकळं रान द्यावं. सुरुवातीला ४ लाख हेक्टर बागा काढायचा विचार होता. २००८ च्या नियमावलीत तो आकडा तीन वर्षांत १ लाख ७५ हजार हेक्टरवर आला. संकटकाळातलं डिस्टिलेशन २०१२ पर्यंत बंद करायचं आणि लागवडीवरची बंधनं २०१५ अखेर उठवायची असंही ठरलं. कुणाला हवंच असेल तर त्या देशाला २०१८ पर्यंत बंधनं ठेवायची मुभा.

हे मला पटलं होतं, आणि नेमकी इथेच अडचण आहे. कारण २०१३ मध्ये, बंधनं उठायच्या आधीच, नवी पद्धत मंजूर झाली. १ जानेवारी २०१६ पासून लागवडीला परवाना लागतो. परवाना फुकट मिळतो, विकता येत नाही आणि तीन वर्षांत वापरला नाही तर जातो. प्रत्येक देशाला दर वर्षी नव्या लागवडीसाठी एकूण क्षेत्राच्या जास्तीत जास्त १ टक्का परवाने देता येतात. ही पद्धत २०३० पर्यंत होती, २०२१ मध्ये ती २०४५ पर्यंत वाढवली.

तर माझे प्रश्न असे. बंदी उठवण्याचा विचारच मुळात चुकीचा होता, की द्राक्ष पिकवणाऱ्या देशांच्या दबावापुढे तो टिकला नाही? आणि अशी मर्यादा नक्की कुणाला वाचवते? ज्याच्याकडे बाग आहे त्याचा भाव टिकतो हे दिसतंय. पण ज्याच्याकडे जमीन आहे, उमेद आहे आणि बाग नाही, अशा तरुणाला ती बाहेरच ठेवते. शेतीत नवी माणसं येत नाहीत म्हणून सगळीकडे काळजी व्यक्त होते आणि त्याच वेळी नियम जुन्यांच्या बाजूने लिहिले जातात, हे मला मनापासून खटकतं. टिपणात हे ठामपणे लिहायचं आहे, पण दुसरी बाजू नीट समजून घेतल्याशिवाय लिहिणार नाही.

प्रतिसाद

ताई, दबाव होताच, पण तेवढ्यावर थांबू नका. द्राक्षाच्या वेलीचं वेळापत्रक बघा. गव्हाचा भाव पडला तर शेतकरी पुढच्या हंगामात दुसरं पीक घेतो. द्राक्षाची वेल आज लावली तर विकण्याजोगा माल तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतो, आणि मग ती तीस-चाळीस वर्षं फळत राहते. भाव चढला की सगळे एकाच वेळी लावतात, माल यायला लागेपर्यंत भाव उतरलेला असतो, आणि एवढा खर्च करून उभी केलेली बाग कुणी लगेच मोडत नाही. ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकात धडाक्याने लागवड झाली आणि पुढच्या दशकात द्राक्षांना गिऱ्हाईक मिळेना. फ्रान्सच्या दक्षिणेत १९०७ मध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले, नार्बोनमध्ये सैन्याने गोळीबार केला, तोही पडलेल्या भावांमुळेच. फ्रान्समध्ये १९३१ पासूनच लागवडीवर कायद्याने बंधनं आली होती. म्हणजे ही भीती १९७६ च्या कितीतरी आधीची आहे.

पण तुमच्या बाजूने बोलणारं उदाहरणही देतो. दक्षिण आफ्रिकेत १९५७ पासून कुणी कुठे किती द्राक्ष पिकवायची याचा कोटा होता आणि तो केडब्ल्यूव्ही या द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थेच्या हातात होता. समुद्राजवळचे थंड प्रदेश त्यामुळे जवळजवळ कोरे राहिले, कारण तिथे कोटाच नव्हता. १९९२ मध्ये कोटा गेला आणि आज ज्या भागांचं नाव घेतलं जातं त्यातले कित्येक त्यानंतरच बहरले. चांगली जमीन कुठे आहे हे जुन्या नोंदवहीवरून कळत नाही.

प्रतिसाद

मी बागायतदार आहे, त्यामुळे धोरणापेक्षा वेलीचं बोलतो. सरकार हेक्टर मोजतं, बाजारात लिटर येतात. या दोन्हींत मोठं अंतर आहे. फ्रान्समधल्या शातोनफ-द्यु-पापसारख्या नामांकित क्षेत्रात (म्हणजे जिथल्या वाइनला त्या जागेचं नाव कायद्याने राखून ठेवलेलं असतं) हेक्टरी ३५ हेक्टोलिटरच्या, म्हणजे ३,५०० लिटरच्या, वर जाता येत नाही. सपाट जमिनीवर तारांचा मांडव, ठिबक आणि जोमदार खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मूळ) असला तर त्याच्या तिप्पट उतारा, म्हणजे हेक्टरी उत्पादन, सहज निघतो.

आता बाग मोडायला पैसे द्यायला लागलात तर पुढे कोण येईल? उतारावरची, जुनी, कमी माल देणारी बाग असलेला वयस्क शेतकरी. त्याची मुलं शहरात गेलेली असतात आणि यंत्र त्या उतारावर चढत नाही. म्हणजे सर्वात कमी वाइन आणि बहुतेकदा सर्वात चांगली वाइन देणारी वेल आधी जाते. दक्षिण ऑस्ट्रेलियात ऐंशीच्या दशकात सरकारने बागा काढायला पैसे दिले तेव्हा बरोसा खोऱ्यातल्या शिराझ या द्राक्षजातीच्या जुन्या वेली उपटल्या गेल्या. काही वर्षांनी त्याच वयाच्या वेलींच्या द्राक्षांना जगभरातून मागणी आली. जुनी वेल विकत आणता येत नाही हो. मला आजही हे वाचून वाईट वाटतं.

युरोपात तर एका हाताने बागा मोडायला पैसे दिले आणि दुसऱ्या हाताने उरलेल्या बागांच्या नूतनीकरणाला. नवा मांडव, नव्या जाती, नवे खुंट, म्हणजे उतारा वाढणारच. युरोपच्या लेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात हेच दाखवलं: बागा मोडून जे कमी केलं त्याचा काही भाग नूतनीकरणाने वाढलेल्या उताऱ्याने परत आणला. टिपणात हे नक्की घ्या. नुसतं क्षेत्र बांधून ठेवलं की शेतकरी आहे त्याच क्षेत्रातून जास्त माल काढतो, हे कुठल्याही पिकात घडतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वेलीच्या वेळापत्रकाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नसता, आणि बागा मोडण्याच्या अनुदानाबद्दल माझं मत आता बदलतंय. मी त्याकडे "सन्मानाने बाहेर पडण्याची सोय" म्हणून बघत होते. माणसासाठी ती सोय आहेच, ती काढून घ्यावी असं मी म्हणणार नाही. पण कुठली बाग जाते हे ठरवताना उताऱ्याकडे आणि वेलीच्या वयाकडे कुणीतरी बघायला हवं होतं.

नवोदितांचा प्रश्न मात्र अजून सुटत नाही.

प्रतिसाद

त्याला वाट ठेवलेली आहे. अर्ज जास्त आणि परवाने कमी असतील तेव्हा प्राधान्याचे निकष लावायची मुभा देशांना आहे आणि पहिल्यांदाच बाग लावणारा शेतकरी हा त्यातला एक निकष. मुभा आहे, सक्ती नाही, त्यामुळे प्रत्येक देश आपापल्या परीने वापरतो. जुने हक्क विकले जायचे, म्हणजे पैसेवाल्याकडे जायचे. आताचा परवाना विकता येत नाही, हा बदल लहानांच्या बाजूचा आहे, तो कमी लेखू नका. मात्र नामांकित क्षेत्रांत १ टक्क्याहूनही कमी परवाने ठेवता येतात, आणि तिथल्या उत्पादक संघटनांच्या शिफारशीला वजन असतं. तुमच्या "जुन्यांच्या बाजूने" या मुद्द्याला खरा आधार तिथे मिळेल.

एक गोष्ट सांगून ठेवतो. २००८ मध्ये जे बंद करायचं ठरलं होतं ते परत आलंय. २०२३ मध्ये फ्रान्समध्ये जादा वाइन डिस्टिलरीत पाठवायला सुमारे २० कोटी युरोची तरतूद झाली आणि बोर्दोत हेक्टरी ६,००० युरो देऊन बागा काढायला सुरुवात झाली. जगातला वाइनचा खप घटतोय. त्यामुळे टिपण फक्त "बंधन हवं की नको" एवढ्यावर ठेवलंत तर ते २०१३ मध्येच अडकून राहील.

धागाकर्ती

ही दिशा फार उपयोगाची आहे. आता टिपणाचा गाभा असा ठेवते: क्षेत्रावरची मर्यादा वेलीच्या संथ चालीमुळे समजण्याजोगी आहे, पण ती उताऱ्याशी जोडली पाहिजे, आणि प्राधान्याचा निकष मुभेऐवजी बंधनकारक करून वर्षाच्या परवान्यांतला ठरावीक वाटा पहिल्यांदा बाग लावणाऱ्यांसाठी राखला पाहिजे.

स्पेन किंवा इटलीत नवोदितांना परवाने कसे वाटले गेले यावर कुणी काम केलं असेल तर कृपया इथेच लिहा. विशेषतः एकेका अर्जदाराला मिळालेलं क्षेत्र बाग उभी करण्याइतकं होतं की सगळ्यांना थोडं थोडं वाटून कुणालाच पुरलं नाही, हे समजलं तर शेवटचा भाग नीट लिहिता येईल.