मदत हवी आहे: बारीक अंगाच्या मधुमेही माणसाला आहाराचा सल्ला कोणाकडून घ्यावा? (पुणे)

मंडळी, बाबांसाठी विचारतेय. वय ६८, उंची साडेपाच फूट, वजन ५८ किलो. मधुमेह जुना, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.४. मेटफॉर्मिन चालू आहे आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन. गेल्या तपासणीत क्रिएटिनिन १.५ आलं, म्हणजे मूत्रपिंडं थोडी कुरकुरतायत, आणि तेव्हापासून घरात 'काय खायचं' हा एकच विषय आहे. डॉक्टर चांगले आहेत, पण ओपीडीत गर्दी एवढी की "गोड बंद, मीठ कमी, चालत राहा" इथे आहाराचं प्रकरण संपतं.

मग नेटवर वाचायला घेतलं आणि डोक्याचा पार भुगा झाला. दीक्षित म्हणतात दोनदाच जेवा, दिवेकर म्हणतात थोडं थोडं दर दोन तासांनी. आमच्याकडे हा सामना आई विरुद्ध मावशी असा रंगलाय. एका ताईंनी तर गहू म्हणजे विष ठरवून टाकलं, ज्वारी तेवढी खा म्हणे. मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे तक्ते उघडून पाहिले. १०० ग्रॅममागे कर्बोदकं कणकेत साधारण ६४ ग्रॅम, ज्वारीत ६८च्या आसपास. तंतू दोन्हीकडे १०-११. भाकरी बाबांना आवडते, खुशाल खावी. पण 'ज्वारीच आहे' म्हणून तिसरी पानात पडते त्याचं काय?

खरी अडचण वेगळीच आहे. जिकडे बघावं तिकडे वजन कसं उतरवायचं तेच. बाबांचं उतरवायचंच नाहीये हो! शर्ट आधीच खांद्यावरून ओघळतात. आणि बारीक माणसाचा मधुमेह काही नवलाचा नाही, त्यावरचं मोठं काम आपल्याच पुण्यात झालंय. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. एवढं सगळं गावात असून आम्हाला सल्ला मिळतो तो 'दहा किलो घटवा' छापाचा.

आणखी एक. शेजारच्या काकांनी 'कमी सोडियमचं' मीठ आणून दिलं, बीपीला उत्तम म्हणाले. पुडीमागे बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराइड. टेल्मिसार्टनने पोटॅशियम वाढू शकतं, त्यात मूत्रपिंडं अशी. पुडी कपाटात ठेवून दिली. (काका वेलनेस कोच आहेत आणि शेकचे डबे विकतात, हे ओघाने आलंच.)

तर, पदव्यांच्या गर्दीत खरा आहारतज्ज्ञ ओळखायचा कसा? आणि सदाशिव पेठेतून रिक्षाने जाता येईल अशा अंतरावर मधुमेह आणि मूत्रपिंड दोन्ही बघणारं कोणी आहे का? नावं कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, धाग्यावर जाहिरात नको.

पोहेवाली:
व्यनि केलाय. मी स्वतः हॉस्पिटलमध्ये डायटिशियन आहे म्हणून थोडं लिहिते. 'न्यूट्रिशनिस्ट' ही पाटी चार दिवसांचा कोर्स केलेलेही लावतात. आपण 'आरडी' आहे का ते विचारायचं, म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियन, इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा दिलेले. शिवाय पोषणशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि हॉस्पिटलचा अनुभव. २०२१च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात आहारतज्ज्ञ आलेत, सगळं सुरळीत लागेपर्यंत आपणच चौकशी केलेली बरी.

आता बाबांचं. रक्तातलं पोटॅशियम किती आहे? तुम्ही लिहिलं नाही, आणि त्याशिवाय नारळपाणी प्या किंवा बंद करा, यातलं काहीच मी सांगणार नाही. लघवीतलं अल्ब्युमिनही हवं, मूत्रपिंडातून प्रथिन गळतंय का ते त्यावरून कळतं. प्रथिनं साधारण किलोला ०.८ ग्रॅम धरतात, म्हणजे बाबांना रोज ४६ ग्रॅमच्या आसपास. वाटीभर घट्ट वरण, उसळ, दही-दूध आणि दोन पोळ्या यातून बरंचसं निघतं. शेकचा डबा नको. उलट घाबरून डाळ तोडू नका, आहे ते वजनही जाईल. मेटफॉर्मिन जुनी असेल तर बी१२ तपासून घ्या.

सकाळचाफिरणारा:
बागेबाहेर रसवाल्यांकडे थांबतात का बाबा? आमच्या ग्रुपमधले अर्धे तिथेच सापडतात. दुधीचा रस कडू लागला तर थुंकून टाकायला सांगा, 'कडू म्हणजे औषधी' असं काही नसतं. कडू दुधीच्या रसाने माणसं गेली आहेत, आयसीएमआरनेही (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) इशारा दिला होता. बाकी आरडीबिरडी ठीक आहे, पण पहिल्याच भेटीत तीन महिन्यांचं पॅकेज गळ्यात मारणाऱ्याकडे जाऊ नका.

धागाकर्ती:
पोहेवाली ताई, खूप आभार. फाइल काढून बघितली: पोटॅशियम ५.४. अल्ब्युमिन सांगितलेलंच नव्हतं, उद्या लॅबमध्ये देतो. रस घेत नाहीत, पण शहाळं रोजचं होतं.

पोहेवाली:
५.४ म्हणजे जास्त आहे, थांबू नका, उद्याच डॉक्टरांना फोन करा, कदाचित पुन्हा तपासतील. टेल्मिसार्टन मात्र स्वतःहून बंद करू नका. शहाळं थांबवा, त्यातही पोटॅशियम असतं. ती मिठाची पुडी कपाटातही नको, कोणीतरी चुकून वापरेल. बटाटा, पालेभाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्या, पोटॅशियम बरंचसं पाण्यात उतरतं.

धागाकर्ती:
फोन लावतेच. आई मागून विचारतेय, अळूचं फदफदं करायचं तर त्यातलं पाणी ओतल्यावर राहतं काय?