विषय: व्हिडिओ संपादनासाठी संगणक: ही यादी बरोबर आहे का?

प्रेषक: चित्रीकरण समिती

नमस्कार मंडळी,

कार्यक्रमांचं चित्रीकरण जोडून, कापून, आवाज जुळवून सभासदांना देण्याचं काम गेल्या बैठकीत माझ्या गळ्यात पडलं. हौस होती म्हणून मीही नाही म्हटलं नाही. आता पस्तावतेय. माझ्या लॅपटॉपवर प्ले दाबलं की आवाज पुढे निघून जातो आणि चित्र तिथेच उभं राहतं. वक्ता तोंड उघडं ठेवून थिजलेला, आणि मागे टाळ्या चालू!

समितीने नव्या संगणकासाठी रक्कम मंजूर केलीय. तीत एक धड मशीन होईल, चूक सुधारायला पैसे उरणार नाहीत. दुकानदाराने दिलेली यादी खाली देते. जाणकारांनी नजर टाकावी.

प्रोसेसर: इंटेल कोअर आय७-१४७००एफ
ग्राफिक्स कार्ड: आरटीएक्स ४०६० टीआय, १६ जीबी
रॅम: १६ जीबी डीडीआर५, एकच स्टिक
स्टोरेज: ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, २ टीबी हार्ड डिस्क
पॉवर सप्लाय: ८५० वॅट (कंपनी लिहिलेली नाही)
काचेची कॅबिनेट, आत दिवे

दिवे मी मागितले नव्हते.

प्रेषक: माजी खजिनदार

ताई, यादी उत्तम दिसते. आमचा नातू गेम खेळतो. तो म्हणतो, ग्राफिक्स कार्ड जेवढं मोठं तेवढं बरं. १६ जीबी म्हणजे चैन आहे. घेऊन टाका, उगाच चर्चेत महिना घालवू नका. गेल्या वेळी माइक निवडताना काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल.

प्रेषक: कॅमेरा क्र. २ वाला

ताई, काकांची माफी मागून सांगतो, थांबा. अजून काही घेऊ नका.

आधी एक काम करा. मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या आणि मागच्या कार्यक्रमाची प्रत्येक कॅमेऱ्याची एकेक फाइल त्यात टाका. फॉरमॅट, बिट डेप्थ, क्रोमा सबसॅम्पलिंग, बिट रेट आणि फ्रेम रेट मोड, एवढ्या पाच ओळी इथे लिहा. संपादन कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये करणार तेही कळवा. मशीन कुठलं घ्यायचं ते त्या फाइली सांगतील, दुकानदार नाही.

प्रेषक: चित्रीकरण समिती

दादा, हे घ्या.

कॅमेरा १ (मंडळाचा नवा): एचईव्हीसी, ३८४० × २१६०, १० बिट, ४:२:२, साधारण १०० मेगाबिट प्रतिसेकंद, फ्रेम रेट स्थिर.
कॅमेरा २ (तुमचा): एव्हीसी, ८ बिट, ४:२:०, फ्रेम रेट स्थिर.
कोपऱ्यातला मोबाइल: एचईव्हीसी, ८ बिट, ४:२:०, फ्रेम रेट मोडसमोर ‘व्हेरिएबल’.

सॉफ्टवेअर दाविंची रिझॉल्व्ह, मोफतवालं, विंडोजवर. यातलं मला एक अक्षर कळलेलं नाही.

प्रेषक: कॅमेरा क्र. २ वाला

कळेल. तुमचं दुखणं पहिल्या ओळीत आहे आणि दुकानदाराची चूक ‘१४७००एफ’ मधल्या शेवटच्या अक्षरात. दोन्ही एकाच गोष्टीची टोकं आहेत.

एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५, आणि एव्हीसी म्हणजे एच.२६४. एच.२६५ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. रोजनिशीत कोणी ‘कालच्यासारखंच, फक्त पाऊस थांबला’ असं लिहीत गेलं तर आजचं पान समजायला मागची पानं उलटावी लागतात, तसं. फाइल लहान होते, पण टाइमलाइनवर मध्येच कुठे बोट ठेवलं की संगणकाला मागच्या फ्रेम आधी उलगडाव्या लागतात. नुसतं बघायला ते चालतं, कारण आपण सरळ पुढे जातो. संपादनात आपण सतत मागे-पुढे करतो, तेही तीन कॅमेरे एकदम उघडून.

हे उलगडायला, म्हणजे डिकोड करायला, चिपमध्ये वेगळं सर्किट असतं. ते त्या प्रकारच्या फाइलीसाठी बनवलेलं असेल तर काम चुटकीसरशी होतं, नसेल तर सगळा भार प्रोसेसरच्या कोअरांवर येतो आणि वक्ता थिजतो. बिट म्हणजे रंगांच्या छटा किती बारीक, आणि ४:२:०, ४:२:२, ४:४:४ म्हणजे रंगाची माहिती किती ठेवलीय, चढत्या क्रमाने. ८ बिट ४:२:० आता बहुतेक सगळ्यांना जमतं. १० बिट ४:२:२ एच.२६५ मात्र जमणारे मोजके आहेत. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत ११व्या पिढीपासून पुढच्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सला, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सला जमतं; त्यातल्या या व्हिडिओ सर्किटला क्विक सिंक म्हणतात. इंटेलच्या आर्क कार्डांना जमतं. एनव्हिडियाच्या ५० मालिकेला जमतं. तुमच्या यादीतलं ४०६० टीआय ४० मालिकेतलं आहे, त्याला नाही. गंमत म्हणजे त्याला ४:४:४ उलगडता येतं, पण ४:२:२ नाही. कार्डाची स्वतःची मेमरी (व्हीआरएएम) १६ जीबी असो की ६०, त्याने यात काही फरक पडत नाही. काकांच्या नातवाचं गेमपुरतं बरोबर आहे.

आता ‘एफ’. इंटेलच्या नावामागे एफ असला की त्यात इंटिग्रेटेड ग्राफिक्स बंद असतं, म्हणजे क्विक सिंकही गेलं. थोडक्यात, या यादीत भारी प्रोसेसर आहे, भारी कार्ड आहे, आणि तुमचा मुख्य कॅमेरा उलगडायला कोणीच नाही.

मी असतो तर आय५-१४५०० किंवा १३५०० घेतला असता. मागे एफ नको. १४ कोअर आहेत, पुरतात. १४४०० थोडा स्वस्त पडेल, पण त्यातल्या यूएचडी ७३० ग्राफिक्समध्ये व्हिडिओ इंजिन एक असतं, १४५००च्या यूएचडी ७७० मध्ये दोन. तीन कॅमेरे एकत्र लावणाऱ्याला हा फरक जाणवतो. मदरबोर्ड साधा बी७६० चालेल. तो डीडीआर४चा की डीडीआर५चा हे बघून रॅम घ्या, एकाची दुसऱ्यात बसत नाही. आणि पहिल्याच दिवशी बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करा. १३व्या-१४व्या पिढीच्या बऱ्याच प्रोसेसरांना जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा त्रास होता, इंटेलने २०२४ मध्ये त्यावर दुरुस्ती (मायक्रोकोड) काढली, ती बायोस अपडेटमधून मिळते. याच कारणाने या दोन पिढ्यांतला वापरलेला प्रोसेसर मी घेणार नाही. आधीच्या मालकाने तो कसा चालवला, कोणास ठाऊक.

रॅम ३२ जीबी, १६च्या दोन स्टिक. एकच स्टिक लावली तर मेमरीचा एक चॅनेल रिकामा पडून राहतो.

स्टोरेजबद्दल हिशेब करू. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. अडीच तासांच्या कार्यक्रमाचे एकट्या पहिल्या कॅमेऱ्याचे ११२ जीबीच्या आसपास. ५०० जीबीमध्ये विंडोज, सॉफ्टवेअर, रिझॉल्व्हची कॅश (तात्पुरत्या फाइली) आणि दोन कार्यक्रम घातले की भरली. तेव्हा विंडोजला ती ५०० जीबी राहू द्या आणि चालू कामासाठी वेगळी १ किंवा २ टीबीची एसएसडी घ्या. सर्वांत वेगवान नको. साधी साटा (जुन्या, संथ जोडणीची) एसएसडीही सेकंदाला ५०० मेगाबाइटच्या वर वाचते आणि तुम्हाला तीन कॅमेऱ्यांचे मिळून ४० सुद्धा लागत नाहीत. वेगाच्या आकड्यांवर भाळून जेन ४ आणि जेन ५ या वेगवान एनव्हीएमईंवर पैसे घालू नका. फक्त क्यूएलसी प्रकारची मेमरी टाळून टीएलसी प्रकारची घ्या. क्यूएलसीचा वेगवान भाग (कॅश) भरला की मोठ्या कॉपीत ती रडकुंडीला आणते. हार्ड डिस्क झालेलं काम ठेवायला उत्तम आहे, तिच्यावरून संपादन मात्र नको.

पॉवर सप्लायची कंपनी लिहिलेली नाही, हे मला दिव्यांपेक्षा जास्त खटकलं. नावाजलेल्या कंपनीचा ६०० वॅटच्या आसपासचा पुरे. वापरलेला घेऊ नका. मॉड्युलर (सुट्या केबलींचा) असेल तर त्याच्याच केबल वापरा, दुसऱ्या कंपनीची केबल बसते तशी दिसते आणि डिस्क जाळू शकते.

प्रेषक: माजी खजिनदार

एका अक्षरावरून एवढं रामायण! बरं, पटलं. पण मग ग्राफिक्स कार्ड घ्यायचंच नाही का? तसं असेल तर पैसे वाचतात, मला आनंदच आहे.

प्रेषक: एक वाचक (पहिल्यांदाच लिहितोय)

पैसे वाचवायचेच तर विंडोजसुद्धा नको. लिनक्स टाका. रिझॉल्व्ह त्यावर चालतं.

प्रेषक: कॅमेरा क्र. २ वाला

लिनक्सवाल्या मित्रा, स्वागत. चालतं खरं, पण लिनक्सवरची मोफत आवृत्ती एच.२६४ आणि एच.२६५ उघडतच नाही. आपल्या तिन्ही कॅमेऱ्यांच्या फाइली बाहेरच राहतील. केडेनलाइव्ह हे दुसरं मोफत संपादन सॉफ्टवेअर वापरायचं असेल तर लिनक्स उत्तम, पण ताई रिझॉल्व्ह शिकल्यात, आता त्यांना दुसऱ्या शाळेत घालू नका.

काका, कार्ड लागेल. रिझॉल्व्हमध्ये रंग, आकार बदलणं, इफेक्ट ही कामं कार्डावर होतात. मात्र आपलं काम काय? कट, नावांच्या पाट्या, रंगमंचावरच्या पिवळ्या उजेडाची थोडी दुरुस्ती. ८ जीबीचं मधलं कार्ड पुरे. वापरलेलं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं, तासभर चालवून बघून मिळत असेल तर तेही चांगलं, डिकोडिंगचं काम प्रोसेसर करणार आहे. उलट बाजूने गेलात आणि ५० मालिकेतलं लहान कार्ड घेतलंत तर एफवाला प्रोसेसरही चालून जाईल. दोन्ही वाटा बरोबर आहेत. मला पहिली आवडते, कारण पुढे कार्ड बिघडलं तरी मशीन चालू राहतं.

आता जे कोणालाच आवडणार नाही ते. विंडोजवर रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती अशा १० बिट फाइलींसाठी हार्डवेअर डिकोडर पूर्णपणे वापरू देत नाही. त्यासाठी स्टुडिओ आवृत्ती लागते. ती एकदाच विकत घ्यायची, दरवर्षीचं भाडं नाही, आणि एक परवाना दोन संगणकांवर चालतो. माझं मत असं की कार्डाच्या पैशातून आधी स्टुडिओ घ्या आणि उरेल त्यात कार्ड. काचेची कॅबिनेट आणि दिवे वजा करा, जाळीच्या पुढच्या बाजूची साधी कॅबिनेट घ्या. हवा खेळती राहते.

तेवढेही पैसे नसतील तर दोन फुकटचे उपाय आहेत. एक, शटर एन्कोडर या मोफत सॉफ्टवेअरने कॅमेरा १च्या फाइली रात्रभर लावून डीएनएक्सएचआर या संपादनाच्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्या. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, टाइमलाइन लोण्यासारखी सरकते. फाइली मोठ्या होतात, तेव्हा जागा बघून. दुसरा उपाय त्याहून सोपा. पुढच्या वेळी कॅमेरा १च्या मेनूत जाऊन एच.२६४, ८ बिट, ४:२:० निवडा. आपण रंगांचा खेळ करत नाही आणि शेवटी सगळे फोनवरच बघतात. हे मी पहिल्याच मेलमध्ये लिहायला हवं होतं. पण मग संगणकाची चर्चाच झाली नसती!

मोबाइलच्या ‘व्हेरिएबल’, म्हणजे सेकंदाला कमीजास्त होणाऱ्या, फ्रेम रेटला मात्र कुठलाही संगणक औषध नाही. अशा फाइलीत पुढेपुढे ओठ आणि आवाज यांची फारकत होते. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकून फ्रेम रेट ‘कॉन्स्टंट’ करा आणि मगच टाइमलाइनवर आणा.

प्रेषक: चित्रीकरण समिती

मंडळी, मशीन आलं. आय५-१४५००, ३२ जीबी, वापरलेलं ३०६०, दोन एसएसडी, स्टुडिओचा परवाना. दिवे नाहीत. काकांनी बिल दोनदा तपासलं आणि मंजूर केलं.

पहिल्या दिवशी रडायची वेळ आली होती. सगळं जोडलं, कॅमेरा १ची फाइल लावली, आणि वक्ता पुन्हा थिजला. तेच उघडं तोंड. मला वाटलं, बुडाले पैसे. रात्री दादांना फोन केला. त्यांनी टास्क मॅनेजर उघडायला लावला. तिथे ग्राफिक्स म्हणून एकटं ३०६० दिसत होतं, इंटेलचा पत्ताच नाही. वेगळं कार्ड बसवलं की काही बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात म्हणे. बायोसमध्ये जाऊन ते चालू केलं, इंटेलचा ड्रायव्हर टाकला, रिझॉल्व्हच्या प्रेफरन्सेसमध्ये डिकोड ऑप्शन्सखाली क्विक सिंकवर खूण केली. आता तिन्ही कॅमेरे एकत्र पळतात, आणि इंटेलच्या रकान्यातला ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख वर चढताना बघायला मला भलतंच समाधान वाटतं.

एक चूक मात्र माझी. कार्ड रीडर जुनाच ठेवला, यूएसबी २चा. सेकंदाला जेमतेम ३५ मेगाबाइट. एका कार्यक्रमाचे ११२ जीबी उतरवायला जवळजवळ तास गेला. यूएसबी ३चा घ्यावा लागेल. काका, ही रक्कम किरकोळ खर्चात बसेल ना?

प्रेषक: माजी खजिनदार

बसेल. पण मी ‘माजी’ आहे हे सगळे विसरलेत असं दिसतं.

प्रेषक: कॅमेरा क्र. २ वाला

ताई, छान झालं. रीडर येईपर्यंत मूळ कार्डं कोणी पुसू नका. फाइली हार्ड डिस्कवर आणि आणखी एका बाहेरच्या डिस्कवर उतरल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. आणि माझ्या कॅमेऱ्याचं ६४ जीबीचं कार्ड गेल्या कार्यक्रमापासून सापडत नाहीये. ज्याच्या पिशवीत असेल त्याने कळवा, मध्यंतरानंतरचं सगळं त्यातच आहे.