लेकीच्या बाळंतपणाला दुबईला निघालेय, बॅग कशी भरू?

आचऱ्याची माई:
नमस्कार मंडळी. वय ६१, विमानात पहिल्यांदाच बसतेय. गोव्यातल्या मोप्याहून मुंबई, तिथून दुबई. तिकिटावर मोठ्या बॅगेला ३० किलो नि हातात ७ किलो लिहिलंय. माळ्यावरची कडक बॅग काढली, तर मेली रिकामीच साडेपाच किलो भरली! (शेजारच्या मासेवालीच्या ताणकाट्याला लटकवून बघितली, आता बॅगेला बांगड्याचा वास येतोय.) नवीन घेऊ का? न्यायचंय ते असं: डिंकाचे लाडू, अहळीव, कुळथाचं पीठ, आंब्याची साटं, कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या, खोबऱ्याच्या दहा वाट्या आणि मालवणी मसाला. मसाला हातातल्या पिशवीत ठेवते, जीव आहे माझा त्यात.

खाडीपार:
माई, बॅगेचं राहू दे. आधी सांगा, लाडवांत आणि मसाल्यात खसखस आहे का? असेल तर दोन्ही घरीच ठेवा. आपल्याकडे खसखस वाण्याकडे मिळते, पण ती अफूच्या बोंडातलीच ना! अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, अमली पदार्थात धरतात. "चिमूटभरच होती, माहीत नव्हतं" हे तिथे कोणी ऐकून घेत नाही. मी १९ वर्षं रत्नागिरीहून ये-जा करतोय, अजून आईला प्रत्येक डब्यामागे तेच विचारतो. ती चिडते, चिडू दे.
खोबऱ्याच्या वाट्याही काढा. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, म्हणून ते पेटणाऱ्या मालात मोडतं, आपल्याच विमानतळावर काढून घेतील. तिकडच्या दुकानात मिळतं.

कुडाळकर_काकू:
मसाला मोठ्या बॅगेत गो, तिखटपूड हातात नेऊ देत नाहीत. आगळही तिथेच. परदेशी जाताना १०० मिलीपेक्षा मोठी पातळ वस्तूची बाटली हातात चालत नाही. काचेची तर मुळीच नको. मी पुतण्याच्या मुंजीला बेंगळुरूला काचेतून नेलं, पोचेस्तोवर ह्यांचं पांढरं सोवळं आमसुली झालेलं. अजून ऐकवतात! प्लॅस्टिकची बाटली घे, दोन बोटं रिकामी ठेव, झाकणाखाली पिशवीचा तुकडा धर, वर दोन पिशव्या, मग जुन्या लुगड्यात गुंडाळून मधोमध.
बॅग कापडी, दोन चाकांची घे. अडीच-तीन किलोत येते. काटा नसेल तर बॅग धरून वजनकाट्यावर उभी राहा, मग आपलं वजन वजा कर. एकच बॅग ३२ किलोवर गेली तर बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत.

खाडीपार:
बीपीच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, पॉवर बँक हातात. पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही.

आचऱ्याची माई:
बापरे! मसाल्यात पन्नास ग्रॅम खसखस आहे, लाडवांत वेगळी. गेले पंधरा दिवस भाजतेय, कुटतेय. मसाला जावेला दिला. लाडवांचा डबा ह्यांनी उचलून देव्हाऱ्यामागे लपवला, कुणाला सांगू नका म्हणे. उद्या परत डिंक तळायला बसते. अहळीव तरी चालतील ना हो?

खाडीपार:
चालतील. न्या.